भाडं कुणी विचारत नाही, असं कोण म्हणालं?

पत्र थोडक्यात: वय ६६. न्यू जर्सीत एडिसनजवळ एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहतात. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली. अमेरिकेचं नागरिकत्व बऱ्याच वर्षांपासून आहे. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, १,०३७ डॉलर बँकेत जमा होतात आणि डेकेअरमधल्या अर्धवेळ कामाचा पगार ६०० डॉलर आहे. घरभाडं १,७५०, त्यातले ३०० टेक्ससमधला मुलगा परस्पर घरमालकाला पाठवतो. औषधांना चाळीसेक डॉलर लागतात. थोडी शिल्लक आहे, तीही कमी होत चालली आहे. "महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दुकानात भाजी उचलते, भाव बघते आणि परत ठेवते," असं त्यांनी लिहिलंय. भजनी मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं की स्नॅपसाठी, म्हणजे अन्नधान्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, एकट्या माणसाची उत्पन्नाची मर्यादा महिन्याला १,६९६ आहे, तुम्ही बसत नाही, पगार बघतात, भाडं कुणी विचारत नाही. दुसऱ्या मैत्रिणीने आपल्या घरातली खोली ७५० डॉलरला देऊ केली आहे, "स्वयंपाक एकत्रच करू" या बोलीवर. ताईंचे प्रश्न असे: अर्ज करण्यात अर्थ आहे का? खोलीवर गेले तर मिळणारी मदत जाईल का? आणि "सरकारी धान्य खायची वेळ माझ्यावर का यावी?"

ताई,

आधी तो १,६९६ चा आकडा बाजूला ठेवू या. आकडा खोटा नाही. ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या वर्षासाठी एकट्या माणसाची ठोक (म्हणजे वजावटींआधीच्या) उत्पन्नाची केंद्राची मर्यादा तेवढीच आहे. पण घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर त्या घराला ही ठोक उत्पन्नाची चाचणी लागूच होत नाही. तुम्हाला लागू होते ती दुसरी, निव्वळ उत्पन्नाची, आणि तिची मर्यादा १,३०५ आहे. ती ऐकून घाबरू नका. निव्वळ म्हणजे सगळ्या वजावटी गेल्यावर उरलेलं, आणि तुमचं भाडं त्या वजावटीतच आहे.

तुमच्या मैत्रिणीची चूक मी समजू शकते. आपण रेशनकार्डाच्या हिशेबात वाढलो. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी कार्डं आली, ती वार्षिक उत्पन्नावर. आजही अन्नसुरक्षेच्या यादीत येण्यासाठी शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये वार्षिक उत्पन्न अशी मर्यादा आहे. दादरला भाड्याच्या खोलीत राहता की परभणीत स्वतःच्या वाड्यात, हे तिथे कुणी विचारत नाही. मर्यादा म्हणजे मर्यादा, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, आणि इथला फॉर्म बघतानाही आपण पहिला आकडा वाचून कागद खाली ठेवतो. मी लोकांबरोबर बसून असे अर्ज भरते. निम्म्याहून जास्त लोक त्या पहिल्या आकड्यापाशीच थांबलेले असतात.

खरं तर इथली दारिद्र्यरेषाही भाड्याकडे बघत नाही. ती १९६०च्या दशकात सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की यांनी आखली. १९५५च्या एका सरकारी पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करताना दिसली होती. म्हणून काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढला आणि त्याला तिनाने गुणलं. तेव्हापासून रेषा महागाईप्रमाणे वर सरकत आली, पण एडिसन आणि मिसिसिपीतलं एखादं खेडं तिला सारखंच. स्नॅपमध्ये भाड्याची दखल घेतली जाते ती फक्त वजावटीच्या रकान्यात. म्हणून तो रकाना नीट भरायचा.

आता पेन घ्या, तुमचाच हिशेब मांडू.

तुमची सोशल सिक्युरिटी १,०३७ नाही, १,२४० आहे. मेडिकेअर पार्ट बीचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, २०२.९० चा हप्ता आधीच कापून उरलेले पैसे तुमच्या बँकेत येतात. ऑफिस कापण्याआधीची रक्कम धरतं. चिडू नका, तो हप्ता पुढे परत येतोय. डेकेअरचे ६०० धरले की ठोक उत्पन्न १,८४० झालं. कमाईच्या पगारातून सरळ वीस टक्के वजा होतात, म्हणजे ६०० चे ४८० राहिले. बेरीज १,७२०. त्यातून सगळ्यांना मिळणारी ठरीव वजावट २०९. उरले १,५११. मग औषधपाणी: साठीच्या पुढच्या माणसाचा स्वतःच्या खिशातून झालेला वैद्यकीय खर्च ३५ डॉलरच्या वर जितका असेल तितका वजा होतो. पार्ट बीचा हप्ता आणि औषधं मिळून २४५ धरू, त्यातून ३५ गेले, राहिले २१०. आता तुमचं उत्पन्न १,३०१ वर आलं.

इथून घरभाडं सुरू होतं. या १,३०१ चं निम्मं ६५०.५०. एवढं घरावर खर्च होणारच, असं कायदा गृहीत धरतो. त्याच्या वरचं सगळं 'जास्तीचं'. तुम्ही स्वतः देता १,४५०, म्हणजे जास्तीचे ७९९.५०. हे १,३०१ मधून काढले की राहिले ५०१.५०. हेच तुमचं निव्वळ उत्पन्न. त्याचे तीस टक्के तुम्ही स्वतः अन्नावर घालाल असं मानतात, साधारण १५१ डॉलर. एकट्या माणसाची कमाल मदत २९८. त्यातून १५१ गेले की महिन्याला १४७.

आता भाड्याचा रकाना रिकामा ठेवून हेच गणित करा. १,३०१ चे तीस टक्के ३९० होतात, म्हणजे २९८ पेक्षा जास्त. हाती येणार ती फक्त किमान रक्कम: केंद्राची २४ डॉलर, न्यू जर्सीने २०२३ मध्ये ती आपल्या तिजोरीतून ९५ वर नेली. एवढा फरक त्या एका रकान्याने पडतो. आणि तो रिकामा राहतो कारण लोकांना वाटतं, भाडं ही आपली खाजगी गोष्ट, सरकारला काय त्याचं!

वरच्या हिशेबात मी वीज-गॅस धरलेलंच नाही. तुमच्या इमारतीत हीटिंग भाड्यात आहे असं तुम्ही लिहिलंय, पण उन्हाळ्यात एसीचं वीजबिल तुमच्या नावावर येतं ना? मग ते सांगा. गरम किंवा थंड करण्याचा खर्च भाड्यापासून वेगळा भरत असाल, तर प्रत्यक्ष बिलाऐवजी राज्याने ठरवलेली एक ठोक रक्कम घरखर्चात धरली जाते, आणि ती बहुतेकांच्या बिलापेक्षा मोठी असते. या एका ओळीने तुमचे १४७ बरेच वर जातील. इंटरनेटचं बिल मात्र नेऊ नका. २०२५च्या कायद्याने ते घरखर्चातून साफ वगळलंय.

मुलाच्या ३०० बद्दल. तो पैसे परस्पर घरमालकाला देतो हे योगायोगाने उत्तमच झालं. तसं दिलेलं भाडं तुमचं उत्पन्न धरत नाहीत, आणि अर्थात तुमचा खर्चही धरत नाहीत. म्हणूनच मी १,७५० न धरता १,४५० धरले. हेच ३०० त्याने झेल या बँकेच्या सेवेवरून तुमच्या खात्यात टाकले असते, तर ते तुमचं उत्पन्न झालं असतं. भाडं पूर्ण १,७५० धरूनही मदत १०२ वर आली असती. तेच पैसे, तोच मुलगा, महिन्याला ४५ डॉलरचा फरक. त्याला म्हणावं, आहे तसंच चालू ठेव, आणि 'मी दरमहा इतके थेट घरमालकाला देतो' असं दोन ओळींचं पत्र सही करून पाठव. लपवायचं काही नाही यात. जे घडतंय तेच कागदावर येऊ द्या.

आता मैत्रिणीची खोली. तुमच्या पत्रातला खरा पेच मला हाच वाटला, आणि त्यामागे एक गृहीत आहे: भाडं जास्त असल्यामुळे मदत मिळते, तर भाडं जास्तच ठेवावं. तसं नाही, ताई. भाडं एका डॉलरने वाढलं तर मदत तीस सेंटांनी वाढते. उरलेले सत्तर सेंट तुमच्याच खिशातून जातात. खोलीचं भाडं ७५० झालं तर जास्तीचं भाडं फक्त ९९.५० उरतं आणि तुम्ही किमान रकमेवर याल. राज्याची भर सोडून अगदी केंद्राचे २४ च धरले, तरी मदतीतले १२३ गेले आणि भाड्यातले ७०० वाचले. शिवाय मुलाचे ३०० मोकळे झाले. मदत टिकवायला महागड्या घरात राहणं म्हणजे आंब्याच्या पेटीतल्या गवतासाठी आंबे विकत घेण्यासारखं आहे.

मग राहिली चूल. स्नॅपच्या भाषेत 'घर' म्हणजे छप्पर नव्हे. जे एकत्र सामान आणतात आणि एकत्र शिजवतात ते एक घर. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी केली' म्हणतात आणि मग नवं रेशनकार्ड काढतात, अगदी तोच निकष. (नवरा-बायको, आणि आईवडिलांबरोबर राहणारी २२ वर्षांखालची मुलं, यांना मात्र एकच चूल मानतात, ते वेगळं शिजवत असले तरी.) तुम्ही मैत्रिणीकडे राहून आपला डबा, आपलं पीठ, आपली भाजी वेगळी ठेवली तर तुमचा अर्ज एकटीचा. एकत्र स्वयंपाक केला तर तिचं उत्पन्नही तुमच्यात मिसळलं जाणार, आणि तिची पेन्शन बघता बहुधा काहीच मिळणार नाही.

इथे तुम्हाला कुणीतरी हळूच सांगेल, "एकत्र जेवा, फॉर्मवर वेगळं लिहा." लिहू नका. आणि उलटंही सांगते: किमान रकमेसाठी दोघी बायकांनी एका ओट्यावर दोन कुकर लावावेत असंही मला वाटत नाही. खोलीवर जायचं ठरलं तर स्नॅपचा विचार डोक्यातून काढून टाका. संध्याकाळी समोर कुणी जेवायला असणं तुम्हाला चार वर्षांत मिळालेलं नाही, हे तुमच्याच पत्रात दोन ठिकाणी आलंय. फक्त जाण्याआधी तिच्याशी रोखठोक बोलून घ्या: स्वयंपाकघर कोणाचं, पाहुणे आले तर काय, आजारी पडलं तर काय, आणि निघायचं झालं तर किती महिने आधी सांगायचं. तुम्ही गाडी चालवत नाही. डेकेअरला तिथून बस कशी आहे तेही एकदा सकाळी सातला स्वतः जाऊन बघा.

माझं मत विचाराल तर दोन्ही करा, पण या क्रमाने. अर्ज आत्ताच करा, आहे त्या घरातून. लीज संपेपर्यंतचे महिने हातात मदत राहील. निर्णय शांतपणे घ्या. घर बदललं की ऑफिसला कळवा, ते नवा हिशेब करतील.

अर्ज काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसच्या ऑफिसात किंवा ऑनलाइन होतो. निर्णय तीस दिवसांत द्यावा लागतो. (भाडं आणि विजेचा खर्च मिळून महिन्याच्या ठोक उत्पन्न आणि हातातल्या पैशांपेक्षा जास्त असेल, तर सात दिवसांत. अचानक नोकरी गेलेल्यांनी हे लक्षात ठेवा.) कागद: लीज, गेल्या तीन-चार महिन्यांचे भाड्याचे चेक किंवा बँक स्टेटमेंट, मुलाचं ते पत्र, वीजबिल, सोशल सिक्युरिटीचं या वर्षीचं पत्र ज्यावर कापण्याआधीची रक्कम छापलेली असते, पगाराचे स्टब. आणि फार्मसीकडून वर्षभराच्या औषधांची छापील यादी मागून घ्या. काउंटरवर मागितली की पाच मिनिटांत देतात. चष्मा, दात, डॉक्टरकडे जायचं टॅक्सीभाडं हेही औषधपाण्यात येतं. हा रकाना आपले ज्येष्ठ लोक हमखास कोरा सोडतात, "मला कुठे काय झालंय" म्हणून.

बँकेतल्या शिल्लकीची चिंता तुम्ही लिहिली आहे. ज्येष्ठांच्या घरासाठी केंद्राची मर्यादा ४,५०० आहे, पण न्यू जर्सीत बहुतेक घरांना शिल्लक विचारली जात नाही, तुमच्या उत्पन्नाला तर नाहीच. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आपापल्याकडे चौकशी करावी. आणि हो, पार्ट बीचा हप्ता राज्याकडून भरून घ्यायची वेगळी योजना असते. तुमचं उत्पन्न तिच्या टप्प्यात दिसतं. ती मिळाली तर हप्त्याची वजावट जाईल आणि स्नॅप थोडं उतरेल, तरी नफा तुमचाच.

असाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी थोडं. स्वतःचं घर असलेल्यांना वाटतं, आपण मालक, आपल्याला कसं मिळेल. राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत, आणि कर्जाचा हप्ता, घराचा विमा, कॉन्डोची फी, प्रॉपर्टी टॅक्स सगळं घरखर्चात धरतात. न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स माहीत असलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. बेसमेंटमध्ये रोखीने भाडं देणाऱ्यांची अडचण वेगळी: मालक सहीचा कागद द्यायला टाळाटाळ करतो, कारण त्याने ते भाडं टॅक्समध्ये दाखवलेलं नसतं. निदान पुढच्या महिन्यापासून चेकने किंवा मनीऑर्डरने द्या आणि अर्धुकं जपून ठेवा. पुरावा नसेल तर भाडं धरलं जात नाही, आणि मग हिशेब वरच्या रिकाम्या रकान्यासारखा होतो.

लहान मुलं असलेल्या घरांवर मात्र या हिशेबात अन्याय आहे, असं मला वाटतं. तुमच्या घरात साठीच्या पुढचं किंवा अपंग माणूस असेल तरच जास्तीचं भाडं पूर्ण वजा होतं. बाकीच्यांना कमाल ७४४ डॉलर. भाडं त्याच्या कितीही वर गेलं तरी वजावट तिथेच थांबते. ही मर्यादा १९७७च्या कायद्याने घातली. १९९३ मध्ये ती काढायचं ठरलं, तारीखही पडली, आणि १९९६च्या कायद्याने ती पुन्हा पक्की केली. तुमच्यासारख्यांना तिच्यातून वगळलं आहे, म्हणून तर अर्ज करा म्हणते.

मुलांनी बोलावून घेतलेल्या ग्रीन कार्डवरच्या आईवडिलांचं गणित निराळं. प्रौढांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं, आणि नागरिकत्व मिळेपर्यंत बहुधा स्पॉन्सर करणाऱ्या मुलाचं उत्पन्न त्यांच्या नावावर मोजतात. एच-वन, एच-फोर व्हिसावर असलेल्यांना स्नॅप नाही. इमिग्रेशनवरच्या परिणामाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या बाबतीत मंडळातल्या कुणाचं नाही, वकिलाचं ऐका. ताई, तुम्ही नागरिक आहात. हा परिच्छेद तुमच्यासाठी नव्हता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. "सरकारी धान्य." तुमचे यजमान इथे पंचवीस वर्षं टॅक्स भरत होते, तुम्ही आजही त्या ६०० मधून भरता. सोशल सिक्युरिटी घेताना तुम्हाला संकोच वाटला नाही, कारण तिच्यावर तुमचं नाव आहे. इथे कार्ड मिळतं, डेबिट कार्डासारखं, पिन दाबायचा. मागे उभ्या असलेल्याला कळतही नाही. अनेक भारतीय दुकानांतही ते चालतं: तूरडाळ, कणीक, भेंडी, दही, फ्रोझन समोसेसुद्धा. काउंटरवरचा गरम समोसा तेवढा चालत नाही. साबण आणि उदबत्तीही नाही, ते तुमच्या पैशांनी.

तरीही मन तयार नसेल तर नका करू. पण कारण तेच असू द्या, "मी बसत नाही" हे नको. कारण तुम्ही बसता.

अर्जावर आलेला आकडा माझ्या १४७ पेक्षा कमी निघाला, तर हिशेबाचा कागद मागून घ्या. तो देणं त्यांना बंधनकारक आहे. त्यात तीन ओळी तपासा: वैद्यकीय वजावट धरली का, भाडं १,४५० लिहिलंय का, आणि वजावट ७४४ वर अडकवली तर नाही ना. शेवटची चूक ऑफिसकडूनही होते. वजावट तिथे अडकली की मदत १३० वर येते. अर्जातली जन्मतारीखही तपासा: ती चुकली किंवा रकान्यात पडली नाही की संगणक तुम्हाला साठीच्या आतलं समजतो, आणि मग वैद्यकीय वजावटही जाते. नव्वद दिवसांत सुनावणी मागता येते, वकील लागत नाही. तो कागद हाती आला की मला त्याचा फोटो पाठवा, नाव झाकून.